मथळ्याच्या जुन्या टाइपांचे डिजिटल पुनरुज्जीवन

जाहिराती, नाटकांची हस्तपत्रके, मुखपृष्ठे यांसाठी घडवलेली मोठी, ठसठशीत अक्षरे संगणकीय फॉन्टच्या रूपात पुन्हा उतरवण्याचे काम. ऑफसेट छपाई आणि डीटीपी (संगणकावरची अक्षरजुळणी) आल्यावर खिळ्यांचे, म्हणजे सुट्या अक्षरठशांचे छापखाने मागे पडले. शिशाचे खिळे वितळवले गेले, मोठ्या मापाची लाकडी अक्षरे भंगारात गेली. त्यामुळे मूळ टाइपापेक्षा त्याचा छापील ठसाच बहुधा हाती लागतो.

रोमन लिपीत काम त्यामानाने सोपे असते. १९२२ साली शिकागोत आलेल्या कूपर ब्लॅक या जाड टाइपाची पूर्ण वर्णमाला नमुनापत्रकात मिळते. मराठीत मात्र कधीकधी मूळ साधन टाइपच नसते. मिरजेची गीता हे याचे उत्तम उदाहरण. नाना फडणवीसांच्या आश्रयाने पुण्यात कोरीवकाम शिकलेला एक तांबट नानांच्या मृत्यूनंतर मिरजेस आला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये त्याच्या कोरीव ताम्रपटांवरून गीता छापली गेली. ती अक्षरे मथळ्याची नव्हेत, पण पुनरुज्जीवनाचा मूळ प्रश्न तिथेच नेमका दिसतो. प्रत्येक ‘क’ तांब्यावर नव्याने, उलटा कोरलेला. दोन ‘क’ तंतोतंत सारखे कसे असणार? सगळ्यांची सरासरी काढली तर तयार होणारा ‘क’ त्या कारागिराच्या हातचा राहत नाही. एक नेटका ‘क’ मुख्य धरून बाकीचे पर्यायी रूपे म्हणून ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग. ओपनटाइप या संगणकीय फॉन्टच्या प्रकारात तशी सोय असते.

दुसरी अडचण अपुऱ्या नमुन्याची. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके सुरू झाली. अशा शीर्षकावरून फॉन्ट करायचा तर ‘स्त्री’मधून मिळते अवघे एक जोडाक्षर आणि एक वेलांटी. उरलेली लिपी त्याच हाताने कशी लिहिली असती, हे ताडावे लागते. केवळ गिरवून फॉन्ट होत नाही तो यामुळेच.

कागदावरचा ठसाही फसवा असतो. दाबाने शाई पसरते, कोपरे गोलावतात, अनुस्वार फुगतो. स्कॅन करून बाह्यरेषा काढताना शाईचा फुगवटा किती काढायचा, हे ठरवावे लागते. सगळा काढला की अक्षर कोरडे पडते. मग शिरोरेषांचे सांधे, मात्रांची उंची, रफाराची जागा. जाड अक्षरात ‘ष्ट्य’सारखी उतरंड बसवताना मूळ वळण सर्वांत आधी बिघडते.

चाचणीसाठी जवळची गावेच पुरतात. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ नीट उमटत नसेल, तर तो फॉन्ट सातारा जिल्ह्यातल्या दुकानाच्या पाटीलाही चालणार नाही. ‘कवठेमहांकाळ’मध्ये ळ, मात्रा आणि अनुस्वार एकदम तपासले जातात. ल आणि श यांची मराठी वळणेही जपायला हवीत. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मान्य आहेत.

खिळ्यांऐवजी पाट्यांवरून आलेले फॉन्टही याच कुळातले. ‘यात्रा वन’ची प्रेरणा मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांची आहे. जुने डीटीपी फॉन्ट मात्र युनिकोड या आजच्या सामाईक अक्षरसंकेतापूर्वीच्या संकेतांवर बेतलेले असल्याने, तो फॉन्ट नसेल तर त्यांतला मजकूर वाचता येत नाही; त्या मजकुराचे युनिकोडमध्ये नुसते रूपांतर करूनही बराचसा पुन्हा वाचनीय होतो. ते काम पुनरुज्जीवनापेक्षा वेगळे, आणि तितकेच निकडीचे आहे.