प्ले थेरपीच्या अभ्यासक्रमाची फी भरण्यापूर्वी

आमच्या सांगलीतील प्ले थेरपीच्या, म्हणजे खेळातून मुलांवर मानसिक उपचार करण्याच्या, केंद्रात दर महिन्याला दोन-तीन जण हातात फाइल घेऊन येतात. फाइलमध्ये सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र असते, त्यावर ठळक अक्षरांत ‘सरकारमान्य’ असे छापलेले असते आणि प्रश्न ठरलेला असतो: आता आम्हाला तुमच्याकडे मुलांसोबत काम करता येईल का? बहुतेकांना नाही म्हणावे लागते. फी भरून झालेली असल्यामुळे तसे सांगणे आम्हालाही जड जाते, म्हणून हे पत्रक.

प्रमाणपत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत सहसा आयएसओ ९००१, उद्यम नोंदणी आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक असतात. हे क्रमांक खरेही असतील. परंतु पहिला संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीविषयी असतो, दुसरी व्यवसायाची नोंद असते आणि तिसरी स्वयंसेवी संस्थेची. अभ्यासक्रमात काय शिकवले जाते, कोण शिकवते आणि सराव किती होतो, हे यांपैकी कोणीही तपासलेले नसते. मार्केट यार्डातील पेढीचा परवाना पाहून आपण हळदीची प्रत ठरवत नाही, तसेच हे आहे. चौकशी संस्थेच्या नोंदणीची नव्हे, अभ्यासक्रमाच्या मान्यतेची करावी.

आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषद चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक इत्यादींची नोंदणी ठेवते. त्या यादीत ‘प्ले थेरपिस्ट’ असा स्वतंत्र वर्ग नाही. त्यामुळे ‘परिषदेची मान्यता असलेला प्ले थेरपिस्ट’ अशी जाहिरात दिसली, तर मान्यता नेमक्या कोणत्या पात्रतेला आहे ते लेखी मागावे.

परदेशी नावांबाबतही तेवढीच सावधगिरी हवी. अमेरिकेतील असोसिएशन फॉर प्ले थेरपी ही संस्था १९८२ पासून कार्यरत असून तिच्या नोंदणीकृत प्ले थेरपिस्ट या पदासाठी मानसिक आरोग्य क्षेत्रात स्वतंत्रपणे काम करण्याचा परवाना, १५० तासांचे प्रशिक्षण आणि देखरेखीखाली मुलांसोबत केलेले ३५० तासांचे काम लागते. एखाद्या वर्गाचे तास या संस्थेने ग्राह्य धरले, म्हणजे वर्गाला बसणाऱ्याला ते पद मिळाले असे होत नाही. ब्रिटनमध्ये प्ले थेरपी यूके या संस्थेच्या नोंदवहीला प्रोफेशनल स्टँडर्ड्स अथॉरिटी या अशा नोंदवह्या तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे. अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर आपले नाव कोणत्या नोंदवहीत जाईल, एवढा एक प्रश्न विचारला तरी निम्मी माहितीपत्रके गप्प होतात.

आमचा आणि आपला सर्वाधिक वेळ जातो तो सुपरव्हिजनच्या, म्हणजे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीच्या, तासांत. केवळ ध्वनिचित्रफिती पाहून पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमानंतर काही जण आमच्याकडे येऊन मागील तारखांच्या सह्या मागतात. त्या आम्ही देत नाही, ओळखीतल्यांनाही नाही, आणि यावरून नाराज झालेल्यांची संख्या कमी नाही. आमच्या खोलीत वाळूचा ट्रे आहे. २०१९ च्या महापुरानंतर एक मूल त्यात रोज तेच एक घर पुरून ठेवत असे. अशा वेळी लगेच ‘पूर आला होता का रे?’ असे विचारायचे, की गप्प बसून त्याचा हात पाहायचा, हा निर्णय शिकणाऱ्याने त्या क्षणी घ्यायचा असतो आणि अनुभवी व्यक्तीने त्याच आठवड्यात त्याच्यासोबत तो तपासायचा असतो. सही असते ती या तपासणीची. जे आम्ही पाहिलेच नाही त्यावर सही कशी करणार?

म्हणून कोणताही अभ्यासक्रम निवडताना प्रत्यक्ष मुलांसोबतचे तास किती, सुपरव्हायझर कोण, त्यांची पात्रता काय आणि ते कोठे भेटणार, हे फी भरण्यापूर्वी लेखी घ्यावे. ‘नंतर तुमच्या गावात कोणीतरी बघा’ असे उत्तर आले, तर तो खर्चही आपल्यालाच करावा लागेल असे धरून चालावे.

आमची दोन दिवसांची परिचय कार्यशाळा पालक, बालवाडी शिक्षिका आणि समुपदेशकांसाठी आहे. तिच्या प्रमाणपत्रावर ‘या कार्यशाळेने प्ले थेरपिस्ट होता येत नाही’ असे आम्ही पहिल्याच ओळीत छापतो. त्यामुळे काही प्रवेश हुकतात, ते हुकू देत. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्यांना आमच्याकडे सशुल्क सुपरव्हिजन मिळते आणि तासांची मोजणी पहिल्या भेटीच्या दिवसापासून होते. अभ्यासक्रम अजून निवडायचा असेल, तर त्याचे माहितीपत्रक घेऊन शनिवारी दुपारी यावे. ते आपल्यासोबत बसून वाचण्याचे आम्ही पैसे घेत नाही, मात्र फी भरल्याची पावती सोबत नसावी.