घड्याळावरची ड्युटी आणि आजोबांची करोडगिरी

ओळखीतल्या एका मुलाने जर्मनीतून घड्याळ मागवलं. पार्सल जालन्याला यायच्या आधी कुरिअरवाल्यांचा मेसेज आला: आधार, पॅन, बिल पाठवा आणि ड्युटी भरा. आकडा बघून पोरगा हबकला. खाटेवर बसलेले त्याचे नव्वदीतले आजोबा एवढंच म्हणाले, "करोडगिरी व्हय? ती उठली म्हणत होते."

हा शब्द आता मराठवाड्यातही फारसा कानावर पडत नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानातलं जकात खातं म्हणजे करोडगिरी. इंग्रजांशी 1802 साली झालेल्या व्यापारी तहात मालाच्या किमतीवर शेकडा 5 असा दर ठरला होता. मुंबईच्या गोदीत समुद्री कर भरून सुटलेला विलायती माल नगरसूल मागे टाकून रोटेगावच्या बाजूला आला, की संस्थानची हद्द लागे आणि पुन्हा कर. 1900 च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे औरंगाबाद, जालना, परभणीवरून धावू लागली आणि माल भराभर येऊ लागला, पण नाका काही सुटला नाही. शिवाय नाणंही वेगळं. इंग्रजी इलाख्यातला रुपया तो कलदार, इकडचा तो हाली. 6 कलदारला साधारण 7 हाली मोजावे लागत. कार्डवाली बँक परदेशी चलनाच्या खरेदीत वरचे दोन-तीन टक्के कापते तेव्हा मला हालीची आठवण होते.

करोडगिरीवर लोकांचा राग किती होता, हे मुक्तिसंग्रामात दिसलं. 1947-48 मध्ये सरहद्दीवरच्या कॅम्पांतल्या तरुणांनी जे नाके जाळले, लुटले, त्यांत करोडगिरीचे नाके होतेच. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान गेलं तरी हा कर लगेच उठला नाही; तो 1950 च्या दशकात टप्प्याटप्प्याने संपला. आजोबांचं ‘उठली म्हणत होते’ ते त्या वेळचं.

मग खरा नाका मुंबईतच उरला, आणि तो आधीपेक्षा कडक होता. परकीय चलनाची चणचण होती, त्यामुळे चैनीच्या वस्तूंची आयात जवळजवळ बंदच. बंगळूरला एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने 1961 मध्ये घड्याळाचा कारखाना काढला, पण मागणी पुरी होईना. उरलेली भूक तस्करीने भागवली. दुबईहून गलबतांतून सोनं यायचं आणि त्याच्यासोबत स्विस, जपानी घड्याळंही. मुठीत मावणारी, किमती आणि खपायला सोपी वस्तू. तस्कराला आणखी काय हवं? क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात ‘फॉरेन’चा माल मिळतो, हे लातूर-नांदेडच्या माणसालाही ठाऊक होतं. हजहून किंवा आखातातल्या नोकरीवरून परतणारा माणूस मनगटावर एक घड्याळ घालून यायचा आणि दुसरं मोज्यात, असं गमतीने सांगितलं जायचं.

सरकारचा संशय याच काळात कायद्यात उतरला. कस्टम्स कायदा 1962, कलम 123. एरवी गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर. पण तस्करीचा माल असल्याच्या रास्त संशयावरून जप्ती झाली, तर तो माल तस्करीचा नाही हे ज्याच्याकडे सापडला त्यानेच दाखवायचं. हे कलम सोन्याला लागू आहे, सरकार अधिसूचनेने जोडेल त्या वस्तूंना लागू आहे, आणि या दोहोंच्या मधे कायद्यानेच नाव घेऊन एक वस्तू घातली आहे: घड्याळं. सोन्यावरचा 1968 चा नियंत्रण कायदा 1990 मध्ये गेला, पण या कलमातली घड्याळं अजून तिथेच आहेत. आजोबांच्या मनगटावरचं स्विस घड्याळ 1973 ला मुंबईहून आलेलं. पावती कधीच नव्हती, आणि त्यांना ती मागावी असं कोणाला वाटलंही नाही.

1991 नंतर बंधनं सैल होत गेली. ग्राहकोपयोगी वस्तूंवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधनं 1 एप्रिल 2001 ला उठली. बंदी गेली आणि तिची जागा कराने घेतली. मनगटी घड्याळांवर मूळ सीमाशुल्क 10 टक्के होतं, ते 2018 च्या अर्थसंकल्पात 20 झालं. त्यावर दहावा हिस्सा समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्या बेरजेवर 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी.

त्या मुलाचा हिशेब सीमाशुल्काच्या यादीतल्या घड्याळाच्या स्वतःच्या शीर्षकाखाली मांडून पाहिला. घड्याळ 18,000 चं, पाठवणी आणि विमा 2,000. कर लागतो तो 20,000 वर, कारण वाहतूकही किमतीत धरतात. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. सीमाशुल्क 4,000, अधिभार 400. मग 24,400 वर आयजीएसटी 4,392. एकूण 8,792, म्हणजे जवळपास 44 टक्के. वैयक्तिक वापराचं म्हणून आलेल्या पार्सलला 9804 हे वेगळं शीर्षकही आहे आणि त्याचे दर अर्थसंकल्पांत बदलत आले आहेत, म्हणून मागवण्याआधी चालू दर बघावा. जुना स्क्रीनशॉट उपयोगाचा नाही.

विकणारा कधी कधी मैत्रीने विचारतो, पाकिटावरच्या कस्टम्सच्या हिरव्या चिठ्ठीवर ‘भेटवस्तू’ लिहू का? किंमत कमी लावू का? नको म्हणावं. भेट म्हणून फुकट सोडवण्याची जुनी सवलत डिसेंबर 2019 मध्ये राखी आणि जीवरक्षक औषधांपुरतीच ठेवली गेली. आणि खोटी किंमत पकडली गेली, तर ड्युटीवर दंड पडतो आणि मालही अडकतो. वापरलेल्या जुन्या घड्याळांचं तर आणखी अवघड: भांडवली यंत्रं सोडून इतर जुना माल आयात करायला परवाना लागतो. शौकिनांना हे सहसा पार्सल अडकल्यावरच कळतं.

स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी 10 मार्च 2024 ला भारताचा व्यापार करार झाला आणि तो 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू आहे. त्यानुसार स्विस घड्याळांवरचं सीमाशुल्क सात वर्षांत शून्यावर यायचं आहे, आयजीएसटी राहणारच. सवलतीसाठी घड्याळ स्विस उगमाचं असल्याचं घोषणापत्र लागतं, तबकडीवर ‘स्विस मेड’ छापलेलं असून भागत नाही.

मुलाचं घड्याळ जर्मन, म्हणून त्याला यातलं काही लागू नाही. त्याने ड्युटी भरली. भरल्याची पावती डब्यातच घडी घालून ठेवली आहे.