एपीआय आणि लिंक्ड डेटा: पत्ता सेवेचा की वस्तूचा?

वेबवर माहिती आणि सेवा एकमेकींना जोडण्याचा विषय निघाला की एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती किंवा काम मागण्याची ठरलेली सोय) आणि लिंक्ड डेटा (दुव्यांनी एकमेकींशी जोडलेली माहिती) हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. दोन्हींकडे विनंती एचटीटीपीवरून, म्हणजे वेबपाने ज्या पद्धतीने मागवली जातात तिच्यावरून, जाते आणि उत्तर पुष्कळदा जेसन या माहिती मांडण्याच्या साच्यातच येते, त्यामुळे हा घोटाळा स्वाभाविक आहे. फरक आहे तो वेबवरचा पत्ता कशाला दिला आहे यात.

एपीआयमध्ये पत्ता सेवेचा असतो. कोणते प्रश्न विचारता येतील आणि उत्तर कोणत्या रचनेत मिळेल, हे सेवेचा मालक ठरवतो. समजा, हवामानाच्या एखाद्या सेवेने पुण्याला ४१२ हा क्रमांक दिला आहे. त्या सेवेबाहेर या आकड्याला काहीच अर्थ नाही. नकाशाच्या सेवेत तेच पुणे ९७ असेल, आणि या दोहोंचा मेळ घालणारा तक्ता प्रोग्रामरलाच तयार करावा आणि सांभाळावा लागतो.

लिंक्ड डेटामध्ये पत्ता मिळतो तो प्रत्यक्ष वस्तूला. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये त्याचे चार नियम मांडले: प्रत्येक गोष्टीला यूआरआय (तिची स्वतंत्र ओळख सांगणारा पत्ता) द्यावा, तो एचटीटीपीचा असावा, तेथे गेल्यावर उपयुक्त माहिती मिळावी आणि त्या माहितीत इतर गोष्टींचे दुवे असावेत. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या परिवारातल्या खुल्या माहितीसंग्रहावर, पुण्याची ओळख क्यू१५३८ अशी आहे आणि तिला स्वतःचा पत्ता आहे, त्यामुळे एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन संस्थांनी तो वापरला तरी त्यांची माहिती आपोआप जुळते. औरंगाबाद महाराष्ट्रातही होते आणि बिहारमध्येही आहे. त्यांपैकी महाराष्ट्रातल्या शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. केवळ नावावर विसंबलेल्या तक्त्यांत अशा वेळी गोंधळ उडतो, ओळखक्रमांकाला मात्र नामांतराने धक्का लागत नाही.

शिवाय, लिंक्ड डेटासाठीच्या स्पार्कल या प्रश्नभाषेत माहिती देणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसलेले प्रश्न विचारता येतात. अर्थात ही मोकळीक फुकट नाही: विकिडेटाच्या सार्वजनिक प्रश्नसेवेत ६० सेकंदांत न आटोपलेला प्रश्न थांबवला जातो. (विकिडेटाला स्वतंत्र एपीआयही आहे, आणि गोंधळ वाढतो तो बहुधा तिथेच.)

तरीही व्यवहारात एपीआयचेच वर्चस्व आहे, आणि माझ्या मते त्याचे कारण तंत्रापेक्षा ताब्यात आहे. एपीआय वापरण्याची किल्ली (परवान्याचा संकेतांक) निवडक लोकांना देता येते, वापर मोजता येतो, दर लावता येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विटरने केले तसे मोफत एपीआय बंद करत असल्याचे जाहीरही करता येते. शिवाय तिकीट काढणे किंवा बिल भरणे ही कामे मुळात माहिती वाचण्याची नाहीत, त्यांना सेवाच लागते. पण ग्रंथालयांची किंवा गावांची यादी प्रसिद्ध करणाऱ्याने एपीआय देतानाही प्रत्येक नोंदीपुढे विकिडेटाचा क्यू-क्रमांक लिहिला, तर ती माहिती इतरांच्या माहितीशी जोडण्याचे निम्मे काम तिथेच उरकते.