ग्लिसरीनच्या पिंपातलं विष

जानेवारी १९८६. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूच्या आणि डोळ्यांच्या काही रुग्णांना ग्लिसरीन पाजलं जात होतं. डोक्यातला किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी ते तेव्हा सर्रास वापरत. एकेका रुग्णाची लघवी बंद होऊ लागली, मूत्रपिंडं निकामी झाली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत १४ जण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन निघालं. तेही ग्लिसरीनसारखंच घट्ट, रंगहीन आणि चवीला गोड. नुसतं बघून फरक कळत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो.

हे विष नवं नव्हतं. अमेरिकेत १९३७ साली एका कंपनीने जंतुसंसर्गावरचं सल्फा औषध याच रसायनात विरघळवून विकलं आणि शंभराहून अधिक माणसं मेली, त्यात कितीतरी मुलं होती. औषध सुरक्षित आहे हे आधी सिद्ध करा, अशी सक्ती तेव्हाच्या कायद्यात नव्हती. ती १९३८च्या कायद्याने आली.

आपल्याकडे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३१ मध्येच निकृष्ट औषधांच्या बाजाराचं चित्र सरकारपुढे मांडलं होतं. त्यातून १९४० चा औषध कायदा आला. पण त्याची घडी अशी बसली की नव्या औषधाला मान्यता आणि आयातीवर लक्ष केंद्राचं, तर उत्पादनाचा परवाना आणि तपासणी राज्यांची. औषध मात्र एका राज्यात बनून देशभर विकलं जातं. ही फट आजही बुजलेली नाही, आणि माझ्या मते दुखण्याचं मूळ तिथेच आहे.

जे. जे. प्रकरणाची चौकशी न्या. बख्तावर लेंटिन यांच्याकडे गेली. आयोगाने फक्त पुरवठादाराला दोष दिला नाही. रुग्णालयातली औषधखरेदी, अन्न व औषध प्रशासनाचा कारभार आणि मंत्र्यांचा हस्तक्षेप असं सगळंच उघडं केलं. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना १९८८ मध्ये पद सोडावं लागलं. प्रशासनाची अशी झाडाझडती महाराष्ट्रात क्वचितच झाली असेल. तो अहवाल आजही वाचायला हवा, विशेषतः सरकारी रुग्णालयात औषधखरेदीच्या कागदांवर सही करणाऱ्या प्रत्येकाने.

१९९८ मध्ये गुरगावात याच विषाने तीसहून अधिक मुलं गेली. २००३ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने उत्पादनाचे परवाने केंद्राकडे द्यावेत असं सुचवलं. पुढे २००८ च्या दुरुस्तीने बनावट आणि भेसळयुक्त औषधांसाठी शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढली. परवाने राज्यांकडेच राहिले. २०२२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात सत्तरच्या आसपास मुलांचे मृत्यू झाले आणि भारतात बनलेल्या सिरपांवर संशय आला. त्यानंतर २०२३ मध्ये निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली. देशातल्या मुलांच्या औषधाला तीच अट तेव्हा लागली नाही, याचा राग येतो.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा परिसरातली वीसहून अधिक मुलं खोकल्याच्या औषधाने दगावली. मर्यादा ०.१ टक्के असताना नमुन्यात याच विषाचं प्रमाण ४८.६ टक्के निघालं. कारखाना आणि परवाना तमिळनाडूचा, विक्री मध्य प्रदेशात, आणि त्यातल्या कितीतरी मुलांनी शेवटचा श्वास घेतला तो नागपूरच्या रुग्णालयांत.