पार्श्वभूमी : कोकणातला तिरकामठा

हाताने धनुष्य करायचं, नेम शिकायचा आणि जमलं तर रानाच्या आधाराने चार दिवस काढायचे, ही हौस आता आपल्याकडेही रुजते आहे. शिकणारे बहुतेक व्हिडिओ बघून शिकतात आणि त्या व्हिडिओंतली लाकडं असतात यू, ओसेज, हिकरी. आपल्या रानात यातलं एकही उगवत नाही. मग कुणी नाद सोडतो, कुणी फायबरग्लासचं धनुष्य घरपोच मागवतो. खरं तर सह्याद्रीच्या पायथ्यापासून खाडीपर्यंतच्या पट्ट्याला धनुष्य नवं नाही. पण त्याचा माग काढायचा तर कातकरवाडीत आणि जंगलाच्या कायद्यांत जावं लागतं.

अगदी सुरुवातीचा पुरावा दगडाचा आहे. मुंबईच्या आसपास के. आर. यू. टॉड या संशोधकाला अश्मयुगीन अवजारं सापडली आणि 1939 व 1950 साली त्यांनी त्यांवर लेख प्रसिद्ध केले. त्यांत सूक्ष्मास्त्रं, म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान पाती, आहेत. अशा पात्यांपैकी काही बाणाच्या दांड्यात बसवत असावेत असं पुरातत्त्वज्ञ मानतात. दांडा, कामठा (म्हणजे धनुष्य), दोरी यांतलं काही उरलेलं नाही. आपल्याकडच्या पावसात आणि जांभ्याच्या मातीत लाकूड टिकायचं तरी किती?

ग्रंथांत मात्र धनुष्याचा कच्चा माल तपशिलाने येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची चार द्रव्यं सांगितली आहेत. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, गवेधु, बांबू आणि प्राण्यांचे स्नायू. या यादीतला ताड, बांबू, रुई, ताग कोकणी माणसाला दाखवायला नकोत. परसापासून बांधापर्यंत कुठे ना कुठे ते दिसतातच. पुढे शिलाहारांच्या काळात धनुर्धारी थेट दगडावर येतो. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर नौकांची लढाई कोरलेली आहे हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्यांतल्याच एका शिळेवर तलवारीच्या स्वारांशी झुंजणारा तिरंदाजही आहे, त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

शिंग, स्नायू आणि सरस एकत्र चिकटवून केलेलं जोडधनुष्य मध्ययुगात उत्तरेत आणि दख्खनेत मातब्बर ठरलं. आखूड, जोरकस आणि घोड्यावरून चालवायला सोयीचं. त्याचा शत्रू एकच, ओल. सरस हवेतलं पाणी ओढतो आणि सांधे सुटतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत असं धनुष्य सांभाळायला चुलीवरचा माळाच हवा. बांबूचा कामठाही पावसाळ्यात सुस्तावतो, पण तो उकलत नाही. बिघडला तर दुसरा करायला एक सकाळ पुरते. इथे साधा कामठाच का टिकला, याचं निम्मं उत्तर मला तरी या हवेत दिसतं.

लढाईतून तो इथे लवकर बाजूला पडला. पोर्तुगीज चौलला 1521 मध्ये किल्ला बांधू लागले आणि 1534 च्या तहाने वसई त्यांच्या हाती गेली. तोफा-बंदुकांचा जोर किनाऱ्यावर तेव्हापासूनचा. तिरकामठा मागे रानात राहिला.

रानातला म्हणजे मुख्यतः कातकरी आणि ठाकरांचा, उत्तरेकडे वारल्यांचाही. या कामठ्याची घडण बघण्यासारखी आहे. बांबू किमान तीन वर्षांचा, पक्का हवा. तो पावसाळा सरल्यावर आणि अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा, असं जुने लोक सांगतात. चंद्राचं सोडा, पण ऋतूचं म्हणणं पक्कं आहे: नवे कोंब वाढवताना बांबूतला पिठूळ साठा खर्ची पडतो, आणि बांबू पोखरणाऱ्या भुंग्याला हवा असतो तो तोच. मग कळक उभा चिरायचा, आतला मऊ गाभा कोयतीने काढायचा आणि पाठीची हिरवी साल शक्यतो दुखवायची नाही, कारण सगळ्यात दाट, चिवट धागे तिथेच असतात. धनुष्य ओढलं की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. पाठीवर एक खोल चरा पडला तरी फाट तिथूनच धावते. शेवटचं तासकाम काचेच्या तुकड्याने. थोडं खरवडायचं, वाकवायचं, दोन्ही बाजू सारख्या वळतात का पाहायचं, पुन्हा खरवडायचं. घाई करणाऱ्याचा कामठा इथेच मोडतो.

सिंधुदुर्गातला माणगा हा बांबू जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे त्यातून जाड पट्टी निघते. लाकडातच करायचं तर धामणीच्या झाडाचं. लवचीक आणि चिवट म्हणून या लाकडाचे हत्यारांचे दांडे आणि कावडीही होत आल्या आहेत. दोरी बांबूच्या कामटीची किंवा सालीच्या वाखाची. केवणीच्या झुडपाची ओली काठी सोलली की आतून लांब धागे सुटतात. ते मांडीवर एका दिशेला वळायचे आणि दोन पदर उलट दिशेला एकमेकांवर चढवायचे, मग पीळ आपोआप धरून राहतो. पाखरांसाठीच्या बाणाला टोकही नको. पुढे लाकडाची बोथट गाठ ठेवली की झालं.

या सगळ्यावर पोट भरत होतं का? शिकारीच्या गोष्टी ऐकून वाटतं तितकं नाही. कातकऱ्यांचं रानातलं जेवण म्हणजे करांदे, कडूकंद, पावसाळी भाज्या, ओढ्यातले खेकडे, वलगणीचे (पहिल्या पावसात चढणीला लागलेले) मासे, शेतातले उंदीर. त्यासाठी हवी काठी, सापळा, जाळं आणि बिळाची पारख. कामठा असायचा तो ससा, रानकोंबडा असं काही मिळालं तर. रानावर जगण्याचे धडे धनुष्यापासून सुरू करणाऱ्यांना हे आधी सांगायला हवं. एक पावसाळा कंद ओळखण्यात घालवला तर भूक जास्त भागेल. (कडूकंद मात्र नीट शिजवून, कडूपणा काढल्याशिवाय तोंडात टाकू नये.)

1878 च्या वन कायद्याने जंगलं राखीव आणि संरक्षित झाली, तेव्हा बांबू तोडणं, राब जाळणं (रोपांसाठी जमीन भाजणं), गुरं चारणं हे एकेक करून परवानगीचे विषय झाले. रायगडात फिरत्या शेतीसाठी दळीचे तुकडे दिले गेले, मालकी मात्र जंगलखात्याकडेच राहिली. कातकरी कोळसाभट्ट्यांवर गेले, नंतर वीटभट्ट्यांवर. 25 सप्टेंबर 1930 रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होता. माझ्या मते कोकणातल्या धनुष्याच्या इतिहासात हा दिवस यायलाच हवा, कारण झाडाला हात लावता येत नसेल तर धनुष्य करणार कशाचं?

स्वातंत्र्यानंतर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली. जनावराला जखमी करणं, सापळा लावणं, इतकंच काय, तसा प्रयत्न करणंही त्यात शिकारच धरलं जातं. 2006 च्या वनहक्क कायद्याने वनवासींचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. म्हणजे ज्या कातकऱ्याच्या आजोबांकडे तिरकामठा होता त्यालाही आज तो सशावर रोखता येत नाही; शहरातून आलेल्या हौशी माणसाची तर बातच नको.

करणं आणि नेम धरणं मात्र राहिलं. त्याच 2006 च्या कायद्याने बांबूला गौण वनोपज मानलं, आणि 2017 च्या दुरुस्तीने जंगलाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून काढला. त्यामुळे आपल्या बांधावरचा माणगा तोडून त्याचा कामठा करायला आता वन कायदा आड येत नाही. नेमबाजी पुढे न्यायची असेल तर देशांतर्गत स्पर्धांमध्ये बांबू-लाकडाच्या धनुष्यांसाठी ‘इंडियन राउंड’ हा प्रकार आहे, 30 आणि 50 मीटरवरून. राजस्थानचा तिरंदाज लिंबाराम तर लहानपणी बांबूच्या धनुष्याने पाखरं मारत मोठा झाला आणि 1992 मध्ये बीजिंगला त्याने जागतिक विक्रमाची बरोबरी केली. कोकणातल्या वाड्यांमधून असं कुणी शोधायला अजून फारसं कोणी फिरकलेलं दिसत नाही.