गंभीर मानसिक आजार आणि रोजगार (सांगली जिल्हा)

स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमाचा आजार), बायपोलर आजार (कधी उन्माद, कधी नैराश्य) किंवा वारंवार उलटणारे तीव्र नैराश्य असलेल्या माणसांचे कामाला लागणे आणि, त्याहून अवघड, कामावर टिकणे. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी इथली. सांगली जिल्ह्यातले बहुतेक रुग्ण घरीच राहतात आणि मिरज-सांगलीच्या ओपीडीतून गोळ्या नेतात. त्यामुळे इथे हा प्रश्न गोठा, द्राक्षबाग, बेदाण्याचे शेड आणि साखर कारखाना यांच्याभोवती फिरतो.

‘बरा झाला की लावू कुठंतरी’ हे घरोघरचे वाक्य. अनुभव उलट सांगतो. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९०च्या दशकात बसवलेल्या पद्धतीत माणसाला आधी त्याच्या पसंतीच्या खऱ्या नोकरीत लावतात. शिकवणे आणि आधार देणे नंतर, काम चालू असताना. वर्षानुवर्षे ‘तयारी’ म्हणून मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या करायला बसवण्यापेक्षा या रीतीने जास्त लोक नोकरीला लागतात, असे अनेक देशांतल्या चाचण्यांत दिसले.

सांगलीत गाडी अडते ती काम येत नाही म्हणून कमी, काम मोजायच्या रीतीमुळे जास्त. तासगाव-मिरज पट्ट्यात फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याची धांदल. द्रावणात बुडवलेली द्राक्षे रॅकच्या जाळ्यांवर पंधरवडाभर सुकतात, मग खाली पाडून काड्या काढायच्या, काळा दाणा वेचायचा. बसून करायचे, एकसुरी, फार बोलावे न लागणारे काम. कानात आवाज येत असलेल्या माणसालाही जमण्यासारखे. पण मजुरी किलोवर ठरली की गणित बिघडते. औषधांनी हात थरथरतो, बोटे जड होतात, सकाळी उशिरापर्यंत झापड असते. शेजारणीच्या दोन पाट्या होतात तोवर याची एक. मजुरी हजेरीवर ठरली आणि सुरुवात तासभर उशिरा चालली, तर तोच माणूस अख्खा हंगाम काढू शकतो. बायपोलर आजारावरचे लिथियम हे औषध घेणाऱ्याची आणखी एक गोष्ट: पत्र्याखालच्या उकाड्यात घाम जाऊन पाणी कमी पडले की रक्तातले लिथियम वाढते, उलट्या होतात, हात जोरात कापतात, तोल जातो. त्याच्याजवळ पाण्याची बाटली हवी आणि मुकादमाला त्याचे कारण ठाऊक हवे. ते सांगणार कोण? डब्याबरोबरची गोळी ‘पित्ताची’ म्हणून खपवली जाते.

याच तासगाव तालुक्यात, विसापूरला, वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये ‘मागेल त्याला काम’ हा प्रयोग केला. त्यातून रोजगार हमी योजना आणि १९७७ चा कायदा आला. तिथेही पगार खोदलेल्या मातीच्या मापावर.

कारखान्यात अडचण पाळीची. गळीत हंगामात तीन पाळ्या, आणि बायपोलर आजारात झोप मोडली की उन्माद उसळू शकतो. कायम दिवसपाळी द्यायची, महिन्याच्या इंजेक्शनसाठी एक दिवस सोडायचा. याला फारसा खर्च नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार अशा वाजवी सोयी देणे सरकारी आस्थापनांवर बंधनकारक आहे. नोकरीत असताना आजार झाला म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही. तेवढ्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर न्यावे लागते. एसटीच्या चालकाला हे कलम माहीत असायला हवे. १९९५ च्या कायद्यात मानसिक आजाराचे नाव होते, पण नोकरीतल्या ३ टक्के आरक्षणात वाटा नव्हता. आता आरक्षण ४ टक्के असून त्यातला १ टक्का मानसिक आजार, स्वमग्नता, बौद्धिक व अध्ययन अक्षमता आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे.

त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि इथे एक विचित्र पेच आहे. मोजपट्टीत स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद-आकलन आणि काम असे चार भाग. प्रत्येकी ० ते ४ गुण, शिवाय आजाराच्या वर्षांचे. काम जमते त्याला कामाच्या भागात गुण कमी, म्हणजे टक्केही कमी. धडपडून कामावर टिकलेला माणूस त्यामुळे आरक्षणाबाहेर राहू शकतो.

टक्के बसले तरी दिव्यांगत्वाचे कार्ड काढायला घरचे कचरतात. कागदावर नाव आले की गावात कळणार, आणि धाकट्या बहिणीचे स्थळ अजून बघायचे असते.