फिनाईलची बाटली जरा बाजूला ठेवा

गेल्या जूनमधली सकाळ. आमचा बोका खंड्या आईच्या पलंगावर चढला, सोलापुरी चादरीच्या मधोमध मागचे पाय वाकवून बसला आणि माझ्याकडे बघत बघत शू केली. त्याचा ट्रे चार पावलांवर होता, तोही नुकता साफ केलेला. आईनं निदान जागच्या जागी केलं, "काल गॅलरीत कोंडलंस ना त्याला? डूख धरलाय." आणि ती फिनाईल आणायला निघाली.

डूख नागानं धरावा. (तोही धरत नाही, पण तो वेगळा लेख.) मांजर ट्रे सोडून भलतीकडे लघवी करतं तेव्हा कारण शरीरात असतं, नाहीतर ट्रेमध्ये, आणि पुष्कळदा एखाद्या अशा धास्तीत, जी आपल्या गावीही नसते. म्हणून पुसण्याआधी डाग बघायचा. भिंतीवर, पडद्यावर ओघळ असेल तर ते हद्द आखणं. त्या वेळी मांजर बसत नाही. उभ्यानं, शेपूट ताठ थरथरवत मागे फवारा मारतं. नसबंदीनंतर दहातल्या साधारण नऊ बोक्यांत हे थांबतं किंवा खूप कमी होतं. खंड्याची नसबंदी कधीच झाली होती आणि तो बसून करत होता. चादरीवरचा डाग जेमतेम पाच रुपयांच्या नाण्याएवढा, कडेला गुलाबी झाक. तेवढ्यात तो ट्रेमध्येही तीनदा कुंथून आला. याला खोडी म्हणत नाहीत, दुखणं म्हणतात.

इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी. बोका वारंवार कुंथतोय आणि थेंबही येत नाही, तर सकाळची वाट बघू नका. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती खडे किंवा चिकट गाळानं तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि एकदोन दिवसांत बोका दगावू शकतो.

खंड्याला थेंब थेंब का होईना, येत होती. सोनोग्राफीत खडा दिसला नाही, लघवीत जंतू नव्हते. तरुण मांजरांच्या मूत्राशयाच्या तक्रारींत निम्म्याहून अधिक वेळा असंच होतं: दाह असतो, कारण सापडत नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी अशा मांजरांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांच्या मते मूळ मूत्राशयापलीकडे आहे. ताणाला या मांजरांचं शरीर जास्तच तीव्र प्रतिसाद देतं आणि त्याचा त्रास मूत्राशयाला होतो. गंमत अशी की हा झटका बहुधा आठवड्याभरात आपोआप ओसरतो. त्यामुळे त्या आठवड्यात जो उपाय केला असेल, गोळी असो वा दृष्ट काढणं, श्रेय त्याला मिळतं.

मग ट्रे. मांजराला तिथे दुखलं की ते ट्रेलाच दोष देतं आणि मऊ जागा शोधतं, म्हणजे आपली गादी. १९४७ पर्यंत अमेरिकेतही लोक मांजरासाठी राख किंवा वाळू ठेवत. त्या वर्षी मिशिगनमध्ये एड लोव यांनी राखेला कंटाळलेल्या शेजारणीला आपल्याकडची शोषक माती दिली आणि लिटरचा, म्हणजे मांजराच्या ट्रेमध्ये घालायच्या मातीचा, धंदा सुरू झाला. ती माती म्हणजे आपली मुलतानी माती! आजचं गोळे होणारं लिटर बेंटोनाइट नावाच्या मातीचं असतं. बहुतेक मांजरांना बारीक दाण्याचं, बिनवासाचं आवडतं. लॅव्हेंडरचा सुगंध असतो तो आपल्यासाठी. ट्रे मांजराच्या दीडपट लांब हवा आणि घरात जितकी मांजरं, त्यापेक्षा एक ट्रे जास्त हवा. आमचा ट्रे वॉशिंग मशीनला टेकून होता. स्पिन सुरू झालं की काय होत असेल, याचा विचार मी पाच वर्षं केला नव्हता.

आता तो वास. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, पाणी राखणारे. म्हणून त्याची लघवी मुळातच दाट. शिवाय तिच्यात फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते घडवायला मदत करणारं कॉक्सिन हे प्रथिन जपानच्या मासाओ मियाझाकी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नोंदवलं. फेलिनिनला स्वतःला वास नसतो. ते हळूहळू तुटून गंधकाची उग्र संयुगं सुटतात. म्हणूनच सकाळी "वास गेला" म्हणणारे आपण संध्याकाळी नाक दाबतो. लघवीतलं युरिक आम्ल तर पाण्यात धड विरघळतही नाही, कापसात बसून राहतं. त्यासाठी एन्झाइमवालं क्लीनर ओतून, मुरू देऊन, मग सुकवायचं. अमोनियावालं नको, तो वास मांजराला लघवीसारखाच. लघवीवर ब्लीच तर नकोच, विषारी वायू तयार होतो.

आणि फिनाईल? काळ्या फिनाईलमधले फेनॉल गटातले पदार्थ निकामी करणारं यकृतातलं एक महत्त्वाचं एन्झाइम मांजरांत चालतच नाही. त्याचं जनुक मोडकं आहे. पुसलेल्या फरशीवरून चालायचं आणि पंजे चाटायचे, एवढ्यानं विष पोटात जातं. पॅरासिटामॉलची गोळी मांजराला घातक ठरते, त्यामागेही हेच एन्झाइम.

डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं, ओलं खाणं वाढवायला सांगितलं आणि विचारलं, "घरात नवीन काय?" काहीच नाही, मी म्हणालो. घरी आल्यावर दिसलं. इमारतीच्या रंगकामाची परांची आमच्या खिडकीला लागून होती, आणि तिच्यावर दिवसभर अनोळखी पाय. पडदा लावला, ट्रे मशीनपासून हलवला, दुसरा आणला. सहाव्या दिवशी खंड्या बरा झाला. तो पडद्यानं की आपोआप, हे मला सांगता येणार नाही. आई म्हणते, त्याचा राग गेला.